काच की ॲक्रिलिक? घरात मासे आणण्याआधी थोडा विचार

वार्षिक परीक्षा आटोपल्या की जळगाव-धुळ्याच्या घराघरांत मुलांच्या मागण्या सुरू होतात. कुणाला सायकल हवी असते, कुणाला मांजराचे पिल्लू, आणि अलीकडे पुष्कळ मुलांना हवी असते माशांची टाकी. आखाती देशांत नोकरीला असलेले मामू-चाचू मोबाइलवर तिथल्या मोठमोठ्या मत्स्यालयांचे व्हिडिओ पाठवतात. मुले ते पाहून विचारतात, "अब्बू, आपल्या घरी अशी का नाही?" मग अब्बू बाजारात चौकशीला निघतात. एक दुकानदार सांगतो, "भाईजान, काचच घ्या, वर्षानुवर्षे चालते." दुसरा म्हणतो, "काच कशाला? ॲक्रिलिक घ्या, कधी फुटायचे नाही." अब्बू घरी परततात ते गोंधळ घेऊनच. पालक-सभेला येणारे आईवडील हा प्रश्न आम्हालाही विचारतात, कारण शिक्षकाला सगळे माहीत असते असा त्यांचा गोड समज आहे.

प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही. पगारातून बाजूला काढलेला पैसा यात लागतो. ज्या खोलीत रांगती, खेळती लेकरे असतात त्याच खोलीत दीड-दोनशे किलोंचे ओझे उभे राहते. आणि टाकीत जे जीव सोडायचे, त्यांना गरम होते आहे हे ओरडून सांगता येत नाही. मांजर बांधून ठेवून तिला उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीस आपल्या घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. जीव कोंडून ठेवला की त्याच्या खाण्यापिण्याची आणि आरामाची जबाबदारी आपली. मासा तर चारही बाजूंनी कोंडलेला.

आमचे मत आधीच सांगून टाकतो. खानदेशातल्या बहुतेक घरांसाठी साध्या काचेची, कमी उंचीची, रुंद तोंडाची टाकीच बरी. ॲक्रिलिक वाईट आहे असे मुळीच नाही. काही घरांना तेच योग्य ठरेल, त्यांच्याविषयीही पुढे लिहिले आहे. पण आपल्याकडचा उन्हाळा, आपल्याकडचे पाणी आणि आपल्या गावातले कारागीर या तीन गोष्टी समोर ठेवल्या तर पारडे काचेकडे झुकते.

दोन पदार्थ, दोन स्वभाव

काच मुख्यतः वाळूपासून बनते. खिडकीला लागते तीच साधी काच टाकीलाही लागते, फक्त जाड. ॲक्रिलिक हे प्लास्टिकच्या घराण्यातले. जळगावकरांना प्लास्टिक नवे नाही, इथल्या चटया आणि पीव्हीसी पाइप दूरदूर जातात. पण चटईचे प्लास्टिक वेगळे आणि ॲक्रिलिक वेगळे. जर्मनीत ओटो रोम यांच्या कंपनीने १९३३ मध्ये ते 'प्लेक्सिग्लास' या नावाने बाजारात आणले. दुसऱ्या महायुद्धात लढाऊ विमानांत वैमानिकाच्या डोक्यावरचे पारदर्शक छत त्याचे असे. आज आपल्या गावात दुकानांच्या पाट्या, दारावरची नावे आणि शाळेच्या बक्षीस समारंभातल्या ट्रॉफ्या त्याच्याच बनतात.

वजनात दोघांत मोठा फरक आहे. एक घनसेंटीमीटर काचेचे वजन सुमारे २.५ ग्रॅम, तेवढ्याच ॲक्रिलिकचे सुमारे १.२ ग्रॅम, म्हणजे निम्म्याहून कमी. धक्का सोसण्यात ॲक्रिलिक काचेच्या कित्येक पट पुढे आहे. चेंडू लागला तर काच तडकेल, ॲक्रिलिक बहुधा तग धरेल. उलट ताठपणात काच ॲक्रिलिकच्या सुमारे वीस पट. त्यामुळे पाणी भरल्यावर ॲक्रिलिकची भिंत फुगते, काचेची जवळजवळ हलत नाही. आणि ॲक्रिलिक मऊ असल्याने त्यावर ओरखडे फार लवकर पडतात.

दिसण्याचे म्हणाल तर ॲक्रिलिक अगदी स्वच्छ दिसते. साध्या काचेत लोहाचा थोडा अंश असतो, म्हणून जाड काचेची कड हिरवी दिसते. प्रकाश पाण्यात आणि काचेत कसा वाकतो याचा अभ्यास इब्न अल-हैसम यांनी हजार वर्षांपूर्वी केला होता. आज आपण तो आकड्यांत मांडतो: पाण्याचा अपवर्तनांक १.३३, ॲक्रिलिकचा १.४९, काचेचा १.५२. ॲक्रिलिक पाण्याला किंचित जवळचे आहे, पण दोन-तीन फुटांच्या टाकीत हा फरक डोळ्यांना जाणवत नाही. निव्वळ दिसण्यासाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही.

दुबईच्या टाकीचे गणित आपल्या घराला लागू नाही

व्हिडिओत दिसणारी दुबई मॉलमधली टाकी ॲक्रिलिकचीच आहे. तिची समोरची भिंत सुमारे ३३ मीटर लांब, ८ मीटरहून उंच आणि ७५ सेंटीमीटर जाड आहे, आणि आत सुमारे १ कोटी लिटर पाणी आहे. एवढ्या जाडीची काच बनवणे, उचलणे आणि जोडणे व्यवहारात जमत नाही. ॲक्रिलिकचे तुकडे मात्र एकमेकांना असे जोडता येतात की सांधा दिसतही नाही, आणि ते तापवून वाकवताही येतात. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्ये सुरू झाले. २०१५ मध्ये ते नव्या रूपात उघडले तेव्हा त्यात ॲक्रिलिकचा बोगदा बसवला होता. प्रेक्षकांच्या डोक्यावरून मासे फिरवायचे असतील तर ॲक्रिलिकला पर्याय नाही.

पण ते फुटत नाही, हे मात्र खरे नाही. बर्लिनच्या एका हॉटेलात 'ॲक्वाडोम' नावाचे ॲक्रिलिकचे प्रचंड नळकांडे होते. १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे ते अचानक फुटले. सुमारे १० लाख लिटर पाणी रस्त्यापर्यंत वाहून गेले आणि आतले सुमारे १५०० मासे जवळजवळ सगळे मेले. तज्ज्ञांना एकच निश्चित कारण सांगता आले नाही. सांध्याचे चिकटणे कमजोर होणे, दुरुस्तीच्या काळात टाकी रिकामी असताना ॲक्रिलिक कोरडे पडणे, अशा शक्यता त्यांनी मांडल्या. घरगुती टाकीची तुलना तिच्याशी करायची नाही. पण "कधी फुटायचे नाही" असे कुणी म्हणाले तर ही गोष्ट आठवावी.

पाण्याचा रेटा उंचीने वाढतो

टाकी किती लांब आहे यापेक्षा पाणी किती उंच आहे, यावर भिंतीवरचा दाब ठरतो. पाणी ४५ सेंटीमीटर उंच असेल तर तळाशी दर चौरस सेंटीमीटरवर ४५ ग्रॅमचा दाब पडतो, पृष्ठभागाशी शून्य. सरासरी धरली साडेबावीस ग्रॅम. बाजारात मिळणारी ३ फुटी टाकी ९० सेंटीमीटर लांब, ३८ रुंद आणि ४५ उंच असते. काठोकाठ भरली तर तिच्या समोरच्या भिंतीवर एकूण सुमारे ९१ किलोंचा रेटा येतो. म्हणजे एक जाडजूड माणूस आतून सतत, रात्रंदिवस, त्या भिंतीला रेलून बसलेला आहे. उंची ६० केली तर हाच रेटा १६२ किलोंवर जातो.

आता त्याच मापांची उलटापालट करा. लांबी ९० तशीच ठेवा, रुंदी ४५ आणि उंची ३८ घ्या. पाणी तेवढेच मावते, सुमारे १५४ लिटर. पण समोरच्या भिंतीवरचा रेटा ९१ वरून ६५ किलोंवर येतो आणि पाण्याचा उघडा पृष्ठभाग सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. एक पैसा जास्त न देता टाकी सुरक्षितही झाली आणि माशांना हवाही जास्त मिळाली. दुकानात उंच टाकी रुबाबदार दिसते, पण काच घ्या की ॲक्रिलिक, घरासाठी बुटकी आणि रुंदच घ्यावी.

अशा ३ फुटी टाकीला ८ एमएमची काच योग्य, आणि २ फूट बाय १ फूट बाय १ फुटाच्या छोट्या टाकीला ५ एमएमची चालते. ॲक्रिलिक फुगते म्हणून त्याला जाडी कमी करून चालत नाही. शिवाय भिंती बाहेर झुकू नयेत म्हणून वरच्या तोंडाला रुंद पट्ट्या किंवा जवळजवळ अख्खे झाकण चिकटवावे लागते. ही पट्टी पुढे उन्हाळ्यात आपल्याला कशी आडवी येते ते बघू.

आपला उन्हाळा

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. एवढ्या उन्हात ॲक्रिलिक वितळत नाही, ते नरम पडायला बरेच जास्त तापमान लागते. त्याची भीती नाही. भीती आहे ती पाण्याची. २५ अंशांच्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३५ अंशांच्या पाण्यात सुमारे ७. इकडे पाणी तापले की माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि तिकडे साठा कमी होतो. म्हणूनच दुपारी मासे वर येऊन तोंड उघडताना दिसतात. मुलांना वाटते ते खाऊ मागत आहेत. खरे तर त्यांचा जीव गुदमरतो आहे.

ॲक्रिलिकमधून उष्णता काचेच्या मानाने सुमारे पाचपट कमी वाहते, म्हणून ते पाणी गार ठेवते असे सांगितले जाते. धुळ्याच्या कडक थंडीत, जेव्हा पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा याचा फायदा खरा आहे. पाणी हळू गार होते, हीटर कमी चालतो. पण उन्हाळ्यात थर्मासचे काम दोन्हीकडून होते. खोलीच रात्रंदिवस तापलेली असेल तर आत आलेली उष्णता बाहेर जायलाही तेवढाच वेळ लागतो.

आपल्याकडे पाणी गार होते ते वेगळ्याच वाटेने, माठासारखे. आपली उन्हाळी हवा कोरडी असते. अशा हवेत पाणी झपाट्याने उडते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. १४० लिटर पाण्याच्या टाकीतून १ लिटर पाणी उडाले तर उरलेल्या पाण्याचे तापमान सुमारे ४ अंशांनी उतरेल एवढी उष्णता निघून जाते. खोलीतून उष्णता परत येतच असते, म्हणून प्रत्यक्षात उतार कमी दिसतो, पण पाण्यावर छोटा पंखा सोडला तर फरक हाताला कळतो. यासाठी टाकीचे तोंड मोकळे हवे. जुन्या मशिदींचे वजूचे हौज आठवा. उंच नसतात, पसरट असतात, उघडे असतात, आणि कित्येक ठिकाणी त्यांत मासे निवांत फिरतात. काचेच्या टाकीचे तोंड जवळजवळ पूर्ण उघडे ठेवता येते. वर जाळी टाकली की माशाने उडी मारायची भीती नाही आणि मांजराचीही नाही. ॲक्रिलिकच्या टाकीचे तोंड मात्र त्या पट्ट्यांनी अर्धेअधिक झाकलेले असते. आपल्या हवामानात काचेच्या बाजूचे आम्हाला पटलेले सर्वांत मोठे कारण हेच.

पांढरी रेघ आणि दाढीचे ब्लेड

पाणी उडते तेव्हा त्यातले क्षार मागे राहतात. आपल्याकडे बोअरचे पाणी जड असते. बादलीला, नळाच्या तोटीला, कूलरच्या जाळीला जे पांढरे धरते तेच टाकीच्या भिंतीवर पाण्याच्या पातळीशी धरते. उन्हाळ्यात आठवडाभरात ठळक रेघ उमटते.

काचेवरची ही रेघ काढणे सोपे आहे. पाणी थोडे खाली आणावे, फडक्यावर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घेऊन ती ओली करावी, मग दाढीचे ब्लेड तिरके धरून खरवडावी. पुसलेला भाग साध्या पाण्याने धुवून घ्यावा. शेवाळही ब्लेडने असेच निघते. ॲक्रिलिकवर ब्लेड चालवले की कायमचा चरा. भांडी घासायचा खरखरीत काथ्याही चालत नाही. स्पंजात वाळूचा एक कण अडकला तरी लांबच लांब ओरखडा उमटतो. वाळूने काचेवरही चरा पडू शकतो, पण तिथे बराच जोर लागतो. शिवाय काच पुसायचे अमोनियाचे स्प्रे, स्पिरिट, थिनर यांनी ॲक्रिलिकमध्ये बारीक भेगांचे जाळे पडते. घरात साफसफाई करणारा हात एकच नसतो. अम्मी करतात, मुलगी करते, सुट्टीत आलेली भाची करते. सगळ्यांनी सगळे नियम पाळावेत अशी अपेक्षा ठेवून वस्तू घेऊ नये.

ॲक्रिलिकच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यावरचा चरा बारीक पॉलिश पेपरने आणि पॉलिशने घासून घालवता येतो. काचेवर खोल चरा पडला तर तो कायमचा. पण ॲक्रिलिकचे पॉलिश नीट करायचे तर टाकी रिकामी करावी लागते, आणि मासे तेवढा वेळ कुठे ठेवायचे हा प्रश्न उरतोच.

पाण्याचाही हिशेब करावा. आठवड्याला पाचवा हिस्सा पाणी बदलावे लागते, म्हणजे ३ फुटी टाकीला सुमारे दोन बादल्या. नळाचे पाणी आपल्या शहरांत रोज येईलच असे नाही. पाणी आणून साठवणाऱ्या घराने २ फुटी टाकीवर समाधान मानलेले बरे, तिला एक बादलीही पुरते. नळाच्या पाण्यातला क्लोरीन जावा म्हणून ते एक दिवस उघडे ठेवावे. काढलेले पाणी मोरीत ओतू नये. मेंदी, मोगरा, कढीपत्ता यांना ते खतासारखे लागू पडते आणि इस्राफही टळतो.

लेकरांच्या घरात

आईची पहिली काळजी असते, "फुटली तर?" ही काळजी योग्य आहे. साधी जाड काच तडकते तेव्हा बहुतेक वेळा भेग पडून पाणी झिरपू लागते आणि मासे बादलीत काढायला थोडा वेळ मिळतो. टफन काच मजबूत खरी, पण फुटते तेव्हा एका क्षणात तिचा चुरा होतो आणि सगळे पाणी एकदम बाहेर येते. शिवाय ती एकदा बनली की कापता येत नाही. म्हणून घरगुती टाकीला योग्य जाडीची साधी काच घ्यावी आणि सगळ्या कडा घासून गोल केलेल्या आहेत ना, हे बोट न फिरवता डोळ्यांनी आणि फडक्याने तपासावे.

पण खरा धोका भिंत फुटण्याहून जास्त स्टँड कलंडण्याचा असतो. ३ फुटी काचेच्या टाकीचे स्वतःचे वजन सुमारे ३० किलो, पाण्याचे १३०-१४० किलो, त्यात वाळू आणि दगड. एकूण दोनशे किलोंच्या आसपास. ॲक्रिलिक घेतले तर यातले जेमतेम १२ ते १५ किलो कमी होतात. भरलेल्या टाकीचे वजन म्हणजे मुख्यतः पाण्याचे वजन, हे लक्षात ठेवावे. चार पाय कुरकुरणाऱ्या जुन्या टेबलावर, शोकेसवर किंवा फ्रिजवर टाकी ठेवू नये. शहाबादी फरशी कुठे उंच कुठे सखल असते, म्हणून पाणसळ लावून चारही कोपरे सारखे करावेत. काचेच्या टाकीखाली थर्माकोलचा अख्खा तुकडा हवा, म्हणजे खालचा एखादा खडा किंवा उंचवटा काचेला टोचत नाही. ॲक्रिलिकच्या टाकीला तर तळाखाली सलग फळीच हवी, नाहीतर तळ लवतो. धाब्याच्या घरात किंवा वरच्या मजल्यावर टाकी खोलीच्या मध्यात नको, भार पेलणाऱ्या भिंतीला लागून हवी.

विजेचे एक पथ्य दोन्ही टाक्यांना सारखेच. वायर बोर्डाकडे जाताना आधी खाली लोंबती असावी, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी बोर्डात न जाता जमिनीवर पडते. घराला ईएलसीबी बसवलेला असावा आणि टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणे बंद करावीत. हे मुलांना पहिल्याच दिवशी शिकवावे.

दुरुस्ती कोण करणार?

जळगावात काय, धुळ्यात काय, कुठल्याही पेठेत काचवाला सापडतो. टाकीचा सांधा झिरपू लागला तर जुने सिलिकॉन ब्लेडने काढून नवे भरणारा कारागीर गावातच मिळतो. नवे सिलिकॉन भरल्यावर व्हिनेगरसारखा वास येतो. तो पूर्ण जाईपर्यंत, निदान दोन-तीन दिवस, पाणी भरू नये. बाथरूमसाठी येते ते बुरशीविरोधी सिलिकॉन वापरू देऊ नका. त्यातले औषध माशांना मारते.

ॲक्रिलिकचे काम आपल्याकडे कोण करते? पाट्या आणि ट्रॉफ्या बनवणारे. त्यांचा हात सुबक असतो, पण पाटीला पाण्याचा रेटा सोसायचा नसतो. ॲक्रिलिकचा सांधा चिकटवताना रसायनाने दोन्ही कडा विरघळवून एक कराव्या लागतात. आत हवेचे बुडबुडे राहिले तर तीच जागा पुढे उकलते. हे काम पाण्याच्या टाक्या बनवणाऱ्यालाच जमते आणि असा कारागीर बहुधा मोठ्या शहरात शोधावा लागतो. गाडीभाडे, पाठवण्याचा खर्च, तोवर मासे कुठे, हे सगळे किमतीत धरावे. मुळात ॲक्रिलिकची शीट त्याच जाडीच्या साध्या काचेपेक्षा बरीच महाग पडते. दर घेताना दोन्हींचा भाव चौरस फुटाने आणि त्याच जाडीचा मागावा, म्हणजे तुलना खरी होते. शेडवर टाकतात ते पॉलिकार्बोनेट ॲक्रिलिक म्हणून कुणी गळ्यात मारत नाही ना, हेही बघावे.

मग ॲक्रिलिक कोणी घ्यावे?

नोकरीत दर दोन-तीन वर्षांनी बदली होणाऱ्या कुटुंबाला हलकी आणि प्रवासात न तडकणारी टाकी सोयीची. जिना अरुंद आहे आणि घर तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यांनाही रिकामी टाकी चढवायला सोपी. घरात विशेष गरजा असलेले मूल असेल, जे हाताला येईल ते फेकत असेल, तिथे ॲक्रिलिकसाठी जादा पैसे देणे आम्हाला अगदी योग्य वाटते. तिथे ओरखड्यांपेक्षा मुलाची सुरक्षितता मोठी. आणि ज्यांना वाकदार, बिनसांध्याची समोरची भिंत हवी आहे आणि मऊ कापडाने जपून पुसायची सवय आहे, त्यांनीही खुशाल घ्यावे. फक्त उन्हाळ्यात पंखा लावावा आणि टाकी महिनोन्महिने कोरडी ठेवू नये.

गोल भांड्यात मात्र, ते काचेचे असो की ॲक्रिलिकचे, मासा ठेवू नये. जत्रेत स्वस्त मिळते, टीव्हीजवळ शोभते, पण त्यात मावते दोन-चार लिटर पाणी. आपल्या दुपारी ते तासाभरात तापते. रविवारी आणलेला गोल्डफिश शुक्रवारी मेला की मुलाला वाटते मासे असेच मरत असतात. जीव स्वस्त असतो, हा धडा आपण नकळत त्याला देतो.

टाकी घरी आल्यावर

टाकी आणली की लगेच मासे आणायची घाई करू नका. आधी ती अंगणात किंवा गच्चीवर सावलीत सपाट जागी ठेवा, खाली वर्तमानपत्र अंथरा आणि पाणी भरा. दोन दिवसांत कागद कुठे ओला झाला तर ती जागा खूण करून दुकानदाराला दाखवा. बिलावर काचेची जाडी लिहून घेतली असेल तर बोलायला आधार राहतो. कागद कोरडा राहिला तर टाकी रिकामी करून जागेवर बसवा. भरलेली टाकी कधीही उचलू नका, सरकवूही नका.

मग वाळू धुवून घाला, पाणी भरा, फिल्टर सुरू करा आणि थांबा. माशांची घाण पचवणारे जिवाणू पाण्यात तयार व्हायला काही आठवडे लागतात. या दिवसांत मुलांना रोज पाण्याचे तापमान वहीत लिहायला सांगा, सकाळी एकदा आणि दुपारी तीनला एकदा. दुपारचा आकडा ३२-३३ च्या वर जात असेल तर टाकीची जागा बदला, खिडकीचे ऊन अडवा, पंखा लावा, किंवा मासे आणणे पावसाळ्यापर्यंत पुढे ढकला. उडालेल्या पाण्याची भर शक्यतो कमी क्षाराच्या पाण्याने घाला. लाइट जाते तेव्हा चालणारा बॅटरीचा एअर पंप आधीच घेऊन ठेवा. पहिल्यांदा चार-पाच गप्पी किंवा मोलीच आणा, कारण आपली हवा त्यांना गोल्डफिशपेक्षा जास्त मानवते.

महिनाभर मुलाने वही नियमाने लिहिली, रविवारी पाणी बदलायला मदत केली, तर ते घर माशांसाठी तयार आहे असे समजा. वही आठव्या दिवशीच बंद पडली तर टाकीत नुसती पाणवेल लावा आणि पुढच्या वर्षी पुन्हा विचार करा.